पहिला रकाना

सातवीचा विज्ञानाचा तास चालू होता. दाजींचा फोन आला. "मास्तर, आक्का ग्येली तुमची. उसाच्या फडात पडली," एवढंच बोलले. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि तास संपेपर्यंत शिकवत राहिलो. काय शिकवलं ते विचारू नका. घंटा झाल्यावर मुख्याध्यापकांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात जड लागला, दुसरं काही वाटलं नाही. आज सहा आठवडे झाले, अजूनही तसंच आहे. माणसं मला विचारतात, "रडलात का?" आणि मी नाही म्हटलं की चुकचुकतात. रडणं येत नाही, काय करू?

आक्का म्हणजे कौसाबाई, माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई-बाप दरसाल ऊस तोडायला जायचे, आणि नांदूरघाटाजवळच्या आमच्या घरात ती आणि मी, दोघंच मागं उरायचो. अकराव्या वर्षी ती भाकरी थापत होती. तिची शाळा चौथीतच सुटली, मला सांभाळायचं म्हणून. मी चुलीपुढं बसून खायचो आणि मला मोजायची खोड. "आक्का, आज चार झाल्या!" म्हटलं की ती पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवायची. "मोजू नगं रं. मोजलं की अंगाला लागत न्हाई." खाणाऱ्याचं मोजायचं नाही आणि स्वतःचं तर मुळीच नाही, हा तिचा धर्मच होता म्हणा ना. एकदा आम्ही कपिलधारला गेलतो. धडप्यात बांधलेल्या पाच भाकरी होत्या. धबधब्याजवळ बसून चार मी खाल्ल्या आणि पाचवीही अर्धी केली. ती म्हणाली, मी वाटंनंच खाल्लंय. वाटेत आम्ही कुठंच थांबलो नव्हतो, हे माझ्या लक्षात यायला मला पंचवीस वर्षं लागली.

पुढं तिला लिंबागणेशकडं दिलं. दाजी चांगला माणूस, पण हातात कोयताच. नवरा-बायकोनं मिळून ऊस तोडायचा, दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं, असं तिचं सगळं आयुष्य गेलं. मी शिकलो, मास्तर झालो, बीडला घर बांधलं. ती आली की माझ्या बायकोच्या हातातलं लाटणं काढून घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पायाची जखम बरी होईना, म्हणून तिला माझ्याकडं आणली. तपासलं तर साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मोजून खा म्हणाले. बाहेर रांग होती, त्यांना वेळ नव्हता. मला मात्र भरपूर वेळ होता. कॅलरी म्हणजे काय ते मी वीस वर्षं पोरांना शिकवतोय, मग बहिणीला नको का शिकवायला! घरी येऊन पुस्तक काढलं. त्यात तक्ता होता. माणसाला दिवसाला किती कॅलरी लागतात, त्याचे तीन रकाने. पहिला बसून काम करणाऱ्यांचा, दुसरा मध्यम कामाचा, तिसरा अंगमेहनतीचा. आक्का माझ्यासमोर फरशीवर मेथी निवडत बसली होती. मी पहिला रकाना घेतला. वजन उतरावं म्हणून त्यातूनही थोडं कापलं आणि पंधराशे हा आकडा ठरवला.

"ह्ये क्यालरी म्हंजी काय रं?" तिनं विचारलं.

"खाल्लेल्या अन्नातली ताकद."

"मंग ताकद बी मोजूनच घ्यायची व्हय आता?"

मी हसलो. सकाळी एक भाकरी, दुपारी एक, रात्री अर्धी, वाटीभर वरण, पालेभाजी... असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली लाल शाईनं लिहिलं: साखर, गूळ, ऊस पूर्ण बंद. दोनदा अधोरेखित केलं आणि झेरॉक्सच्या दुकानातून कागदाला प्लास्टिक चढवून आणलं. जन्मभर न मोजणारी बाई त्या दिवसापासून मोजायला लागली. तिला पटलं म्हणून नव्हे, मी सांगितलं म्हणून. पीठ मळता मळता ती कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. दोन महिन्यांत साखर खाली आली. डॉक्टर खूश. मी तर असा फुगलो की गल्लीतल्या चौघांना त्याच कागदाच्या प्रती वाटल्या.

दिवाळी झाली आणि टोळी निघाली. कागदही निघाला. कारखान्याजवळच्या माळावर राहायला उसाच्या पाचटाची कोपी उभी राहिली आणि तिच्या मेढीला आक्कानं तो सुतळीनं टांगला. टोळीतल्या बायकांना ती सांगायची म्हणे, "माझ्या भावानं लिवून दिलंय." पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. आणि गोळी घेऊन खायचं पहिल्या रकान्यातलं.

तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" कार्तिक संपता संपता एकदा तिनं पुढं सांगितलं, "दुपारच्याला हातपाय गळत्यात रं. डोळ्यापुढं अंधारी येती."

"कागद पाळतेस ना?"

"पाळती की. मोजून."

"मग काही नाही. होईल सवय."

हे मी बोललो. दुसरं काहीतरी बोललो होतो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

बाकीचं दाजींनी तिसऱ्या दिवशी अंगणात बसून सांगितलं. दुपारची वेळ. आक्का मोळी टाकून मटकन खाली बसली. घामानं भिजली, हात थरथरायला लागले, बरळायला लागली. शेजारच्या बाईनं उसाचं कांडं सोलून तिच्या तोंडाशी नेलं. "म्या हात धरला तिचा," दाजी म्हणाले. "म्हनलं, साखर हाय तिला, ऊस बंद हाय. मास्तरांनी लाल शाईनं लिवलंय." मग पाणी पाजलं. गाडी मिळेपर्यंत ती शुद्धीत नव्हती, दवाखान्यात पोचेपर्यंत उरली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार खाली गेली होती. दाजींना वाटलं, साखर खाली गेली म्हणजे चांगलंच की, मग माणूस कशानं गेलं? ते मला विचारत होते. तिच्या भोवती एकरच्या एकर ऊस उभा होता, आणि एक कांडं चोखलं असतं तर... मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "आयुष्य तेवढंच होतं." मास्तर माणूस, असली वाक्यं पाठ असतात.

दहाव्याला कावळा शिवेना. पानावर तिच्या आवडीचं सगळं वाढलं होतं, भाकरी तर तीन होत्या. तुझ्या पोरीचं लगीन करू, घर बांधू, सगळं बोलून झालं. कावळा लिंबावर बसून. शेवटी दाजी उठले. "एवढं खात नव्हती ती," म्हणाले आणि दोन भाकरी काढून घेतल्या. एकच ठेवली. कावळा खाली आला आणि शिवला. "बघा, अजून बी कागद पाळती," कुणीतरी म्हणालं, आणि बायका डोळे पुसता पुसता हसल्या. मी नदीकडं बघत उभा राहिलो.

निघताना दाजींनी तो कागद माझ्या हातात दिला. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. अन मास्तर, दवाखान्यात माझी बी तपासली, मला बी साखर निघाली. गोळी दिलीया. मला बी लिवून द्या असाच एक. तिला लई लागू पडला होता. आठ दिवसांत टोळीवर जायचंय परत."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर कांड्याचंही सांगावं लागलं असतं, आणि तो हात त्यांचा होता. चार दिवस मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी पुस्तकातला तिसरा रकाना उघडला. आकडा आक्काच्या कागदाच्या जवळजवळ दुप्पट होता. या वेळी डॉक्टरांपुढं रांगेत बसलो, सगळं सांगितलं, त्यांच्याकडून गोळी आणि खाणं दोन्ही नीट समजून घेतलं, आणि गल्लीतल्या चौघांकडून माझे कागद परत आणले. मग दाजींना फोन लावला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटची वाचली: घाम सुटला, हात थरथरले, अंधारी आली, तर कोयता टाकून लगेच साखर, गूळ किंवा उसाचं कांडं तोंडात धरायचं आणि दवाखाना गाठायचा.



"ऊस चालतो मंग?"

"तेव्हा चालतो. तेव्हा तोच लागतो."

"मंग... तिला बी चालला असता, मास्तर?"

टेबलावर आक्काचा कागद होता. 'दुपारी एक' या ओळीवर, प्लास्टिकवर, वाळलेल्या पिठाचं तिचं बोट उमटलेलं आहे. ते मी पुसलेलं नाही.

"चालला असता," मी म्हणालो. "दाजी, तुम्ही हात धरलात तो माझ्या कागदामुळं."

दाजींनी फोन ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "जेवलात का?"