पंच क्रमांक दोन

गेल्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, आई गेली. त्यानंतर वडिलांच्या वहीतल्या पंचनाम्यांवर सह्या थांबल्या.

वडील पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले. गेवराईच्या घरात टीव्हीवर मीच त्यांना एक जुनी जर्मन मालिका लावून दिली होती. खुनांचा तपास करणारे अधिकारी, करडे कोट, ओले रस्ते. आवाज जर्मन, खाली मराठी अक्षरंही नव्हती.

“भाषा कशाला पायजे? मढं दिसतंय की,” ते म्हणाले.

प्रेत सापडलं की ते टीव्ही थांबवत आणि वहीत पंचनामा लिहीत. प्रेत पालथं की उताणं, अंगावर काय, खिडकी उघडी की बंद. खाली दोन पंचांच्या सह्या. पंच क्रमांक एक मी, दोन आई. मी तेव्हा वर्तमानपत्राचं काम घरूनच करायचे. रोज दुपारी एक भाग व्हायचा.

“अहो, त्यो साहेब बूट घालूनच मढ्याला खेटला,” आई म्हणायची.

“त्याला सस्पेंड करू. तू सही कर.”

“आदी खुनी कोण ते सांगा.”

“पंचानं खुनी इचारायचा नसतो.”

मग ती एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहायची.

आईच्या तेराव्यानंतर ऑफिसने मला संभाजीनगरला बोलावलं. मी फोनवर सुचवलं, तुम्ही बघाल तोच भाग मी इकडे बघते, आल्यावर सही करते.

“जमत न्हाई. पंच जागेवर लागतो.”

“मग शेजारच्या काकांना बोलवा.”

“ते च्या पितेत अन् मोबाइल बघतेत. मढ्याकडं बघतच न्हाईत.”

दिवाळीनंतर मी एका दिवसासाठी गेले. वही टीव्हीजवळच होती. उन्हाळ्यापासूनच्या प्रत्येक पानावर मजकूर पूर्ण होता, सह्यांच्या दोन्ही ओळी मोकळ्या. मी पेन उचललं. त्यांनी वही ओढून घेतली.

“तू तवा हाजर नव्हतीस, बाई. खोटी सही व्हईल.”

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, “बस कितीची हाय?”

“पाचची.”

“मग एक भाग व्हतोय.”

आम्ही एक भाग पाहिला. प्रेत पालथं, डोकं दाराकडे, खिडकी बंद. पंच क्रमांक एक म्हणून मी सही केली आणि पाचच्या बसने निघाले. खालची ओळ मोकळी आहे.