नानांची दहा मिनिटं

आमच्या ऑफिसात मांडव्याची बोट रोज दहा मिनिटं आधी सुटायची. खरी बोट नव्हे, नानांच्या घड्याळातली. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दहा मिनिटं पुढे लावलेलं, मनगटावरचं तसंच आणि जेवणाच्या खोलीतलंही. मुंबईला जाणाऱ्या कोणाची बोट चुकू नये म्हणून हा उपद्व्याप. विचारलं की ठरलेलं उत्तर, "बोट कोणासाठी थांबत न्हाय." स्वतः नाना किहीमलाच राहायचे, ऑफिसच्या मागच्या वाडीत. किती वर्षांत त्यांनी बोटीत पाय ठेवला नव्हता कोण जाणे!

मुंबईकरांचे किहीमचे बंगले सांभाळणारी आमची कंपनी. मी बुकिंग बघायचे, माझ्याबरोबर आणखी तिघं. नाना सिस्टीम इनचार्ज, म्हणजे जिन्याखालच्या खोलीतली दोन यंत्रं आणि एक टेबलफॅन यांचे सर्वेसर्वा. त्यांना पासवर्ड विचारणं म्हणजे घरातल्या भांडणाची चौकशी करण्यासारखं होतं. "सुमन, अशा गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या न्हाय," असं म्हणून ते दार लावून घ्यायचे.

प्रिंटर अडला की आधी त्याला हात जोडायचे, मग आमच्यावर ओरडायचे आणि शेवटी वायर काढून पुन्हा लावायचे. प्रिंटर चालू झाला की मिशीवरून हात फिरवून, "अनुभव लागतो!" अनुभव म्हणे. डोंबल!

अशा या अनुभवी माणसावर मुंबईच्या मुख्य ऑफिसनं एक काम टाकलं. आमच्या नेटच्या दारावर जे गेटवे यंत्र बसलंय, त्यातला कनेक्टर, म्हणजे मुंबईशी जोडणारा भाग, क्लाउडवरच्या सुरक्षा-सेवेत नोंदवायचा. मुंबईहून टोकन येणार, म्हणजे लांबलचक अक्षरांची एक ओळ. ती तासाभरात, बाद होण्याआधी, यंत्रात भरायची, की झाली नोंदणी. महिनाअखेरच्या शुक्रवारी चारपर्यंत ही नोंदणी झाली नाही, तर शनिवारपासून बुकिंग मुंबईत जाणार आणि आम्ही चौघं घरी. नोंदणी झाली, तर यंत्र मुंबईहून चालणार आणि नाना घरी. हे आम्हालाही ठाऊक होतं आणि नानांनाही.

मग काय विचारता! पहिलं टोकन आलं तेव्हा अमावास्या आडवी आली. दुसऱ्या वेळी "यंत्र गरम हाय." तिसऱ्या वेळी नानांना म्हसळ्याला मेहुण्याच्या घरची पूजा आठवली. पंधरा दिवस असेच गेले. आम्ही चौघं रोज डबा खाताना त्यांचा उद्धार करायचो, आणि तोही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

शुक्रवारी दुपारी मात्र नाना स्वतःहून बसले. मुंबईचा इंजिनिअर स्पीकरवर. टोकन भरलं, नोंदणी फेल. दुसरं मागवलं, फेल. तिसरंही गेलं. माझं डोकंच फिरलं.

"नाना, थोडी तरी लाज वाटू द्या! स्वतःची खुर्ची वाचवायला आमच्या पोटावर पाय देताय?"

"आईशप्पथ सुमन, आज मी खरंच करतोय गं."

"करताय ते दिसतंय की!"

 नाना कपाळावरचा घाम पुसून पुन्हा स्क्रीनकडे बघत बसले.

एवढ्यात इंजिनिअरनं विचारलं, "काका, गेटवेवर टाइम किती दिसतोय?"

"तीन चाळीस."

"काका, आत्ता साडेतीन वाजलेत."

"व्हय, मीच लावलाय ना," नाना अभिमानानं म्हणाले. "आपोआप वेळ घेत व्हता, ते बंद केलं. भिंतीवरचं घड्याळ बोटीसाठी धा मिनिटं पुढं हाय, त्याच्याशी जुळाया नको?"

 इंजिनिअर म्हणाला, "काका, पाच मिनिटांच्या वर फरक असला तर सर्व्हिस टोकनच घेत नाही. आणि गेटवेला कुठे बोट पकडायचीय?"

आम्ही हसून हसून बेजार. कारस्थान करण्याइतकी अक्कल या माणसाला नाही, असं मला तेव्हा वाटलं. नानांनी खाली मान घालून वेळ बरोबर केली, नवं टोकन भरलं. स्क्रीनवर हिरवा ठिपका उमटला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर म्हणाला, "थँक्यू काका, आता इथून सगळं आम्ही बघू."

"बघा बाबा," नाना म्हणाले.

त्यांचा शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यात आला. शहाळं नि भेळ, एवढाच निरोप समारंभ. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. मला खरंच वाईट वाटत होतं.

"नाना, त्या दिवशी मी नको ते बोलले. तुम्ही खरं काम करत होता."

"तू बरोबरच बोललीस गं," नाना म्हणाले. "पंधरा दिवस मी तेच करत व्हतो. नोंदणी होऊच नये म्हणून नवस पण बोललो व्हतो. गुरुवारी तुम्ही चौघं तुमच्या पोरांच्या फीबद्दल बोलत व्हतात, ते ऐकलं. मग शुक्रवारी बसलो."

 नानांनी उरलेली भेळ कागदात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरांना ने."