होर्डिंगवरचे बाबा

ताज्या छापलेल्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला लालबागचा पूल आठवतो. परळच्या एका मार्केटिंग कंपनीत मी नवीन होतो. बंद गिरणीच्या जागेवर टॉवर येत होता आणि त्याच्या जाहिरातीसाठी साहेबांना हसरे आजोबा हवे होते. त्याच गिरणीत हयात घालवलेल्या माझ्या बाबांना मी फोटोसाठी उभं केलं. पुलाशेजारी त्यांचा चेहरा दोन मजल्यांएवढा झळकला, तेव्हा चाळीतल्या एकेकाला तिथे नेऊन ते लेकाचं कौतुक सांगायचे, "ह्यां माझ्या झिलाचा काम." गणपतीच्या आधीच बाबा गेले. होर्डिंग तसंच राहिलं. अंत्ययात्रा त्याच्याखालूनच गेली. खांदा देताना मी मान वर केली नाही. "उतरवायला सांगू?" असं आईला विचारलं, तर म्हणाली, "रवांदे, दिसतत तरी." बाजाराला जाताना ती तिथे घटकाभर थांबायची, पदर सारखा करायची. मग एका सकाळी तिथे कुकरची जाहिरात चढली. आई रिकामी पिशवी घेऊन घरी परतली. "आज गेले रे ते," म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी अजून याच धंद्यात आहे, पगारही चांगला आहे. जुना फ्लेक्स उतरवतात तेव्हा मात्र मी तिथे उभा राहत नाही.