इना मेनीची मागची सीट

स्पे नदीच्या खोऱ्यातल्या बहुतेक सगळ्या भट्ट्यांची व्हिस्की इना मेनीने हुंगली होती. भट्टीत उभं राहून प्यायली मात्र एकीचीही नव्हती. दर मे महिन्यात तिचा नवरा डॉड आणि त्याचे दोन भाऊ, वॅटी आणि लॅकी, ‘निसर्ग बघायला’ निघत. निसर्ग दोन भट्ट्यांच्या मधे असायचा. गाडी इना चालवायची, कारण एक पेला घेतला तरी लायसन्स गेलंच समजायचं. प्रत्येक ठिकाणी चालकाच्या वाट्याची म्हणून तिच्या हातात बोटभर बाटली ठेवत. बाटली घरी आली की डॉड ‘खराब तर झाली नाही ना’ हे तपासायचा. तपासून झाल्यावर बाटली रिकामी असायची.

यंदाही तिच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरला. लोण्याचं भांडं त्यावर डोंगर झालं.

“आधी ही भट्टी,” वॅटी म्हणाला, “मग डोंगरावरून, मग जेवण, मग नदीकाठची. इने, डोंगरावर तू जरा हळू घे, मागच्या वर्षी मला मळमळलं.”

“मी नाही चालवणार,” इना चहा ओतत म्हणाली.

“बरं नाही का तुला?”

“छान आहे. मी मागे बसणार. खिडकीशी. आणि पिणार.”

तिघांनी नकाशाकडे असं पाहिलं, जणू हा रस्ता त्यावर छापायचा राहिला होता.

“बसने जाऊ,” लॅकीने सुचवलं.

“बस मंगळवारी जाते,” वॅटी म्हणाला, “आणि गुरुवारी येते.”

“मग तू चालव.”

“माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तू चालव.”

“माझं लायसन्स न्यायाधीशाकडे आहे, माहितीये तुला.”

दोघांनी सावकाश माना वळवल्या. डॉड बिस्किटावर लोणी लावण्यात गुंतला होता. त्याच्याकडे लायसन्स होतं, दोन्ही डोळे होते, आणि सटकायला दार लांब होतं.

“अगं पण इना,” तो म्हणाला, “मी पिणार नाही तर मला तिथल्या लोकांशी बोलायचं काय?”

“मी इतकी वर्षं बोलतेच आहे की. पावसाबद्दल बोल.”

डॉडच्या गाडी चालवण्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. तो बोलिंग क्लबपर्यंत जायचा, तिथल्या गाड्या लावायच्या मोठ्या जागेत गोल फिरून तोंड घराकडे करायचा आणि परत यायचा. गाडी मागे घेण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हे त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं.

ठरल्या दिवशी पहिल्या भट्टीपर्यंत पोचायला इतका वेळ लागला, की एका मेंढीने त्यांना मागे टाकलं असं लॅकी अजून सांगतो. भट्टीत पेले भरले गेले. वॅटी हळूच इनाच्या कानाशी लागला.

“इथली नको घेऊस. पुढची जास्त चांगली आहे.”

“मग पुढचीही घेईन.”

“तसं नाही गं. पुढे डोंगर आहे. डॉडला बघितलंस ना? वळताना दिव्याऐवजी वायपर लावतो तो. तू फक्त डोंगर पार कर, मग हवी तेवढी पी.”

इनाने पेल्यात पाण्याचे थेंब सोडले, नाकाशी धरला आणि वॅटीच्या डोळ्यांत बघत सगळा घशाखाली घातला. 

“कशी आहे?” डॉडने केविलवाण्या आवाजात विचारलं.

“तू पावसाबद्दल बोल,” ती म्हणाली.

डोंगरावरचा रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कोणी आलं, की बाजूची रुंद जागा ज्याला जवळ त्याने तिथे मागे जायचं. समोरून कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत एक गाडी आली. जागा मेनींना जवळ होती. डॉडने हँडब्रेक ओढला आणि समोर बघत बसला.

“मागे घे,” लॅकी म्हणाला.

“मागचं दिसत नाही.”

“मान वळव.”

“मान वळते. गाडी भलतीकडेच वळते.”

“इना,” वॅटी म्हणाला, “एकच तर पेला घेतलायस.”

“आणि एका पेल्याने लॅकीचं लायसन्स कुठे गेलं?”

लॅकी खाली उतरला. वॅटीही उतरला. एक म्हणे डावीकडे, दुसऱ्याचा हात उजवीकडे. गाडी दलदलीकडे गेली, मग कुंपणाकडे, मग जिथून निघाली तिथेच आली. डॉडचा घाम चष्म्यावर उतरला. बऱ्याच वेळाने चाकं जागेवर लागली. कॅराव्हॅनवाला जाताना स्टिअरिंगवरून आभाराचं एक बोट उचलून गेला. डॉडची बोटं स्टिअरिंगला चिकटलेली. सलामाला उत्तर नाही म्हणजे गावात वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही; म्हणून इनाने काच खाली करून अख्खा हात हलवला.

हात आत घेता घेता ती थांबली.

“ही नदी इथून दिसते?”

“पहिल्यापासून दिसते,” आत बसत लॅकी म्हणाला.

“मला कोणी सांगितलं नाही.”

“दरवर्षी सांगायचो. तू म्हणायचीस, गप्प बसा, मला रस्ता बघू द्या.”

खाली पाणी वळणं घेत चाललं होतं, काठावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं पेटल्यासारखी. इनाने खिडकीच्या कडेवर हनुवटी टेकवली.

“डॉड, सावकाश चालव. मला बघायचंय.”

डॉडने पहिला गिअर टाकला. दुसरा टाकायची त्याची हिंमत तशीही नव्हती.