विसावी केस

आमच्या नर्सिंगच्या होस्टेलमध्ये मुली एकमेकींचं तेल वापरायच्या, साबण वापरायच्या, चपला तर बिनधास्त घालून जायच्या. पण नोट्स? बाई गं! नोट्स उशीखाली. कोणी दारात आलं की वही उलटी पडायची आणि चेहऱ्यावर साळसूद हसू यायचं. 'काही नाही गं, जरा पडले होते.' पडली होती म्हणे! डोळे लाल आणि बोटाला शाई.

मीही त्यातलीच. उगाच साव होऊन सांगायला नको.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेठच्या पुढच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून मी नाशिकला आले. आश्रमशाळेत शिकलेली, पाड्यावरची पहिली नर्सिंगला गेलेली पोरगी. वडील भात आणि नागली करायचे, आणि पाऊस सरला की घरातले सगळे दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. पहिल्याच आठवड्यात वर्गात ट्यूटरबाईंनी मला उभं करून विचारलं, हृदयाला कप्पे किती? उत्तर मला येत होतं. मी ताठ उभी राहून म्हणाले, "चार आहा."

सगळा वर्ग खदखदून हसला. आमच्याकडे 'आहे'ला 'आहा' म्हणतात, यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. पण त्या दिवशी मी खाली बसले ती मनाशी ठरवूनच. पुन्हा ती बोली तोंडातून काढायची नाही. आणि या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिली यायचं.

पहिली आले. पहिल्या वर्षी आले, दुसऱ्या वर्षीही आले. दोन्ही वेळा माझ्या मागे दोन-चार मार्कांनी जी होती, ती माझीच रूममेट. सातपूरची. तिचे वडील तिथल्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. रविवारी भेटीच्या वेळी तिची आई डबा घेऊन यायची. माझ्याकडे कोणी येत नसे. यायचं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडायची, हे मला समजत होतं. तरी दुपारी चार वाजता खिडकीशी उभी राहून मी गेटकडे बघायची. कशाला बघायची कोण जाणे. तिची आई डबा उघडताना मलाही हाक मारायची, "ये गं, तुझ्या वाटणीचं वेगळं आणलंय." मी पोट भरलंय म्हणायची आणि मग जायचीच.

त्या खोलीत मला माणूस म्हणून ती एकटी होती. बाकीच्या मुली मला हुशार म्हणायच्या, पण त्यातली एकही मला सिनेमाला चल म्हणाली नाही. हुशार मुलीला कोणी बोलवत नाही. तिच्याकडून नोट्स मागायच्या आणि ती गेली की तिच्या मागे बोलायचं, एवढंच.

माझी बोली फक्त रूममेटला माहीत होती. एकदा मी झोपेत बडबडले आणि ती सकाळी मागे लागली, "ते काय म्हणत होतीस? शिकव ना मला." मी उडवून लावलं. पण ती चिवट. म्हणे, वॉर्डात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात, त्यांचं दुखतंय कुठे हेही आपल्याला कळत नाही, मग नर्स होऊन काय उजेड पाडणार? मग रविवारी दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड मी तिला शब्द सांगायची आणि ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायची. मला 'गुरुजी' म्हणायची. "गुरुजी, आज सुट्टी द्या, डोकं दुखहे." तिच्या तोंडून ते ऐकताना मला इतकं हसू यायचं! आणि आत कुठेतरी घरी गेल्यासारखं वाटायचं. पण खाली उतरलं की बंद. तशी मी तिला शपथच घातली होती. तिनेही ती पाळली.

शेवटच्या वर्षी लेबर रूम आली आणि आमच्या अंगात भूत शिरलं. परीक्षेला बसायचं तर प्रत्येकीच्या केस बुकात स्वतःच्या हाताने केलेली वीस बाळंतपणं हवीत, प्रत्येकीखाली सिस्टरची सही हवी. एकोणीस चालत नाहीत. लेबर रूमच्या दाराशी एक पाटी होती, तिच्यावर खडूने आमचे नंबर लावलेले असायचे. जिचा नंबर, तिची बाई. पण बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि नंबरवाली जागेवर नसली, तर जी हात धुऊन तयार असेल तिची केस. या नियमापायी काय काय व्हायचं! मुली जेवायला जायच्या नाहीत. एकीने दुसरीला 'मेट्रनने बोलावलंय' असं खोटंच सांगून पळवलं होतं. टेबलावरची बाई देवाचा धावा करत असायची आणि आम्ही तिच्या पायाशी डोळ्यांनी भांडत असायचो. आज आठवलं की माझीच मला किळस येते.

केस बुकं शनिवारी द्यायची होती. बुधवारी दुपारी आम्ही दोघीच उरलो. तिच्या एकोणीस, माझ्याही एकोणीस. पाटीवर नंबर तिचा होता, माझा तिच्या खाली. जिचं केस बुक अपुरं, तिला सहा महिन्यांनी पुढच्या बॅचबरोबर बसावं लागणार. म्हणजे पहिला नंबर गेला. आणि पहिल्या नंबरवालीला इथेच नोकरीला आधी बोलावतात अशी होस्टेलात पक्की बातमी होती. मला नोकरी लागली नाही तर मी पाड्यावर परत जाणार, आणि तिथून मला पुन्हा कोण पाठवणार? हे सगळं मी त्या दुपारी मनात शंभरदा घोळवत होते. तिचंही काही असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

टेबलावर एकच बाई होती. बोलण्यावरून आमच्याच डोंगराकडची, तिसरी खेप. सिस्टरने तपासून सांगितलं, "अजून तासभर तरी आहे," आणि त्या आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटचे कागद भरायला गेल्या. मी हात धुऊन ठेवले होते. का? नंबर माझा नव्हता. पण ठेवले होते खरे.

दहा मिनिटंही झाली नसतील. बाईने टेबलाची कड घट्ट धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पोसा येहे."

पोसा म्हणजे बाळ. बाळ येतंय. तिसऱ्या खेपेची बाई असं म्हणाली की घड्याळ बघायचं नसतं, हे माझी आजी पाड्यावर बायकांना मोकळं करायची तेव्हापासून मला माहीत होतं.

रूममेटने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते गं ती?"

मी म्हणाले, "पाणी मागते."

ती हलली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. "नक्की पाणीच?"

"हो. घसा कोरडा पडलाय म्हणते."

पिण्याचं पाणी बाहेर, लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला. जाताना आतल्या सपाता काढायच्या, येताना परत घालायच्या. ती आणखी एक क्षण थांबली आणि गेली.

दार लोटलं जाताच मी सिस्टरला हाक मारली. त्या धावत आल्या, बघितलं आणि ओरडल्या, "अगं, डोकं दिसतंय! नंबर कोणाचा?"

"ती बाहेर गेलीय, सिस्टर."

"मग तू बघत काय बसलीस? ग्लोव्हज घाल!"

बाळ सुखरूप आलं. मुलगा होता. मी नाळ कापली, वार पूर्ण आली का ते पाहिलं, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. हात जरासुद्धा थरथरले नाहीत, याचं त्या वेळी मला कौतुक वाटलं होतं. बाळ रडत असताना रूममेट दारात आली. हातात स्टीलचा पेला. तिने बाळाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. आणि बाईच्या उशाशी जाऊन तिची मान वर करून तिला पाणी पाजलं. बाई घटाघट प्यायली. तिने मागितलं नव्हतं, पण तहान तर लागलीच असणार.

पाणी पिऊन झाल्यावर बाईने माझ्याकडे बघून आमच्या बोलीत विचारलं, तू आमच्याकडचीच ना गं? सारखं वाटतंय, तुला माझं कळतंय.

सिस्टर तिथेच उभ्या होत्या. मी शुद्ध मराठीत म्हणाले, "तुम्ही काय म्हणताय ते मला समजत नाही, ताई."

रूममेट पेला धुवायला निघून गेली.

त्यानंतर तिच्या नंबरावर दोन बायका आल्या. एकीला सिझरला नेलं, दुसरी दवाखान्याच्या फाटकातच रिक्षात मोकळी झाली. शनिवारी तिच्या केस बुकात एकोणीसच होत्या. सगळ्या मुली तिला म्हणाल्या, एक खोटी लिही, कोण बघतंय, अमुक सिस्टर सही करते. मीही म्हणाले, वर तोंड करून! ती म्हणाली, "असू दे." ट्यूटरबाईंनी तिचं पुस्तक परत दिलं. त्याच संध्याकाळी होस्टेलच्या होमसिस्टरला विचारून ती मागे राहिलेल्या मुलींच्या खोलीत गेली. पलंगावरची चादर तिने घडी घालून नेली, आईने दिलेली चटणीची बरणी मात्र माझ्यासाठी ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

परीक्षेपर्यंतचे ते दिवस मी त्या खोलीत एकटीने काढले. दुसरा पलंग नुसता गादीचा. नोट्स उशीखाली ठेवायचं कारणच उरलं नव्हतं, तरी मी ठेवायची. मेसमध्ये माझ्या समोरची जागा रिकामी राहायची. ती दिसली की मी वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसायची. रविवारी तिची आई आली तेव्हा मी संडासात जाऊन बसले, भेटीची वेळ संपेपर्यंत. हाक मारली असती त्या माउलीने. मारलीही असेल.

निकाल लागला. मी पहिली आले. ट्यूटरबाईंनी वर्गासमोर उभं केलं, टाळ्या झाल्या. मला कोणाला सांगावंसं वाटलं तर ती एकच मुलगी होती. कप्पाळ माझं!

होस्टेल सोडायच्या दिवशी कपाटाच्या वरचा कागद काढताना तिची जुनी वही सापडली. राहून गेली असावी. मी आपसूक मागचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'गुरुजींचे शब्द'. खाली तिच्या गोलसर अक्षरात यादी. दुखहे. आहा. पोसा. आणि शेवटची ओळ लाल शाईने, चौकट करून:

'पोसा येहे – बाळ येतंय. गुरुजी म्हणतात, हे ऐकलं की जागचं हलायचं नाही.'

मी त्या नुसत्या गादीवर बसले. हे मीच तिला सांगितलं होतं, गच्चीवर, चादरींच्या आड. मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती. तिला त्या बाईचं बोलणं कळलं होतं. मग तिने मला विचारलं का? एकदा नाही, दोनदा विचारलं. मी काय सांगते ते तिला बघायचं होतं. आणि मी पाणी म्हटल्यावर ती पाणी आणायला गेली.

वही घेऊन मी तडक लेबर रूमकडे गेले. पुढच्या बॅचबरोबर तिची ड्युटी तिथेच चालू होती, पाटीवर सगळ्यात वर तिचाच नंबर होता. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत होते. माफ कर म्हणायचं होतं, पाया पडायलाही मी तयार होते. दार अर्धवट उघडं होतं. आत कोणी बाई कण्हत होती आणि तिच्यावर झुकून माझी मैत्रीण बोलत होती. मोठ्याने, सगळ्यांदेखत, सिस्टर आणि नव्या मुली समोर उभ्या असताना, माझ्या बोलीत. उच्चार थोडे चुकत होते. एक मुलगी फिसकन हसली. तिने मान वर करून त्या मुलीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बाईकडे वळून तेच बोलत राहिली.

मी दारातच उभी राहिले. त्या खोलीत ती बोली मी एकदाही बोलले नव्हते. आता आत जाऊन कोणत्या तोंडाने बोलणार होते?

वही मी दाराशी ठेवली नाही. घेऊनच निघाले आणि पेठच्या गाडीत बसले. ती अजून माझ्याकडे आहे.