चितेगावचा सर्व्हर आणि माझं एक 'व्हय'

उषाताई चुकल्या नव्हत्या.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. आज त्यांचं वर्षश्राद्ध. मधल्या काळात गोकर्णला गेलो, तिथनं हंपीला, दोन महिने तर एका ढाब्यावरच राहिलो. दर वेळी मोबाईलवर दोन ओळी टाइप केल्या आणि उडवल्या.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मुकुंदवाडीत राहायच्या. आसपासच्या छोट्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर एकट्या सांभाळायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, स्कूटीवर, डिकीत कंपासपेटी, पेटीत पेनड्राइव्ह.

मी आयटीआय अर्धवट सोडलेला. काम मागायला गेलो तर म्हणाल्या, "दोन डोळे हायेत ना? मग ये."

त्यांचा एक नेम होता. इन्स्टॉलची फाइल डाउनलोड केली की चेकसम जुळवायचा. म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ असते. फाइल जराशी जरी बिघडली तरी माळ बदलते. वेबसाइटवर एक दिलेली असते, आपल्याकडं एक निघते. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

सगळे पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून मोकळे होतात. ताई मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि कागदावर पेन्सिलीनं टिक करत जायच्या.

"ताई, टोकं जुळली की. बास ना."

"आन् मधलं तुझा मामा वाचणार व्हय? वाच."

हे कमांडनं आपोआप होतं, असं मी त्यांना शिकवायला गेलो.

"होतं की. पण तू कुठं पेंगतो ते कमांड सांगत नाय."

पेनड्राइव्हवर लिहून झालं की पुन्हा एकदा तपासणी. ती झाली की मग पेनड्राइव्हवर संशय घ्यायचा नाही. बिघाड दुसरीकडं शोधायचा.

ताई जाण्याच्या तीन महिने आधीची गोष्ट. त्यांचं डायलिसिस चालू होतं, घरीच असायच्या. चितेगावच्या एका कारखान्यात अपडेट चालू असताना लाईट गेली. यूपीएस आधीच मेलेला. सर्व्हर परत उठेना.

ताईंचा फोन आला. नवीन पेनड्राइव्ह बनव, त्याच्यावरनं बूट कर, दुरुस्तीच्या मोडमध्ये जा, काही फॉरमॅट करू नको.

मी तेव्हा पडेगावला दोस्ताकडं होतो. आम्ही दौलताबाद रोडला सीताफळं घ्यायला निघालेलो. (तिथली सीताफळं म्हणजे... जाऊ द्या.) डाउनलोड मोबाईलच्या नेटवर लावलं. दोनदा तुटलं. झालं तसं पेनड्राइव्हवर टाकलं आणि निघालो.

चेकसम काढलाच नाही.

चितेगावला पेनड्राइव्ह लावला. मेनू आला, बरं वाटलं. पुढं गेला आणि अडकला. स्क्रीनभर रीड एरर, म्हणजे फाइल वाचताच येईना.

ताईंना फोन लावला.

"सगळ्यात वरची ओळ वाच."

वाचली.

"चेकसम जुळवला होता?"

"व्हय."

"मधलं बी?"

"व्हय ताई."

कारखान्याचे शेठ शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर 'नाय' म्हणायची लाज वाटली. कारण एवढंच. दुसरं कुठलंच नाही.

मग त्यांनी पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावायला सांगितला. रॅम काढून, पुसून, एकेक लावून बघायला सांगितली. तीन तास. शेवटी म्हणाल्या, "शेठला फोन दे."

त्यांना म्हणाल्या, "शेठ, मदरबोर्ड गेलाय. बदलावा लागंल."

दुसऱ्या दिवशी शेठनी दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि अर्ध्या तासात सर्व्हर चालू केला.

शेठ वाईट बोलले नाहीत. तेच लागलं ताईंना. "ताई, लई केलं तुम्ही. आता आराम करा," एवढंच म्हणाले. पण ही गोष्ट फिरली, या ग्रुपवरही. बाईचं आता वय झालं, असं बाकीचेही म्हणायला लागले.

त्याच संध्याकाळी मी माझ्या फाइलचा चेकसम काढला.

टोकंसुद्धा जुळत नव्हती.

दोन दिवसांनी ताईंकडं गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. त्यांनीच आधी विचारलं.

"मला एकदा सांग लेकरा. पेनड्राइव्ह बरोबर होता ना?"

तोंडातनं परत 'व्हय' गेलं.

"मग माझंच चुकलं. मला आता फोनवर उमजत नाय."

त्यांनी नानांना, म्हणजे त्यांच्या मिस्टरांना, कंपासपेटी कपाटावर ठेवायला सांगितली. त्यानंतर कुणाचं काम घेतलं नाही.

आज सकाळी नाना फोटोला हार घालत होते. तिथंच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हाराची गाठ मारली.

मग म्हणाले, "ती रोज कागद घेऊन बसायची. कुठं चुकलं म्हणून."

हार सारखा करत म्हणाले, "मला सांगून काय होतंय? जिथं तिचं नाव गेलं, तिथं सांग."

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

बोर्ड चांगला होता. पण मी जे सांगितलं ते खरं धरलं, तर पेनड्राइव्हवर संशय घ्यायचं ताईंना काही कारणच नव्हतं. बिघडलेला पेनड्राइव्ह माझा होता. खोटंही माझंच. एकदा फोनवर, एकदा तोंडावर.

ताई, तुमच्या तोंडावर बोलायचं ते तुमच्या फोटोसमोर बोलतोय. माफी मागायचा हक्क राहिला नाही. नमस्कार तेवढा घ्या.

हे नानांच्या ओट्यावर बसून लिहितोय. पोस्ट टाकणार, तेवढ्यात गल्लीत एक गाडी थांबली.

चितेगावचे शेठ आलेत. कुणीच बोलावलं नव्हतं. हातात हार आहे, घर कुठलं ते विचारतायत.

नाना दारातनं माझ्याकडं बघतायत.

उठतो.