तरंगून आलेली फळी

गोदीत सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पण आयुष्यात त्याच्या हातून एक स्टूल धड झालं नव्हतं. घरातलं अजून डुगडुगतं, आणि बायको ते पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. जहाजं मात्र तो मांडेल त्या ठोकळ्यांवर बसत, आणि तीस वर्षांत एकही डुगडुगलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता, चांगलाच होता.

तरंगत्या गोदीचं काम ऐकायला सोपं. पोकळ लोखंडी तळ, दोन्ही बाजूंना पोकळ भिंती. पोटात पाणी भरलं की गोदी बुडते, भिंतींचे माथे तेवढे वर राहतात. मधल्या पाण्यात जहाज ओढून आणायचं आणि पंपांनी पोटातलं पाणी उपसायचं, की गोदी त्याला पाठीवर घेऊन वर येते. जहाज टेकतं ते तळावरच्या ठोकळ्यांच्या रांगेवर. प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर मऊ लाकडाची जाड फळी असते. ती पक्की ठोकायची, कारण लाकूड तरंगतं. एवढंच विसरायचं नाही.

आणि एक रीत होती. ज्याने ठोकळे मांडले तोच जहाजाखाली पहिला जाणार. त्याने ‘या’ म्हटल्याशिवाय जहाजाचा तळ खरवडणारे उतरत नसत. त्या टोळीचा मुकादम म्हणजे मिस्त्रीचा जावई. घरी तो त्याला मामा म्हणे, गोदीत मिस्त्री.

त्या सकाळी जहाज अर्धं आत आलं असताना भिंतीच्या कडेला एक फळी वर आली. मिस्त्री तिथे एकटाच होता. त्याने वाकून ती उचलली. कापलेली कड पिवळीधमक, ताजी. करवत त्याचीच. काल फळ्या ठोकताना लेकीचा फोन आला होता, “बाबा, तुम्ही आजोबा होणार.” हातोडा खाली ठेवून तो किती तरी वेळ हसत बसला होता. पुन्हा उचलला तो कुठल्या ठोकळ्यापाशी, हे आता आठवेना.

बोलला असता तर जहाज मागे ओढावं लागलं असतं, आणि साऱ्या गोदीला कळलं असतं. आली असेल कुठून तरी वाहत, असं त्याने मनाला सांगितलं. मन लगेच हो म्हणालं. फळी त्याने दोरखंडाच्या वेटोळ्यामागे सरकवली.

“काय मिस्त्री, ठीक सगळं?” गोदीमास्तरांनी पलीकडून विचारलं.

“ठीक.”

पंप सुरू झाले. जहाज टेकलं, आणि खाली कुठेतरी लाकूड करकरलं. मऊ लाकूड दबताना करकरतंच, पण एकदा करकरून गप्प बसतं. हे गप्प बसेना.

पाणी ओसरल्यावर मिस्त्री बॅटरी घेऊन खाली उतरला. शेवाळाचा वास, ठिबकतं पाणी, डोक्याला लागेल इतका जवळ काळा तळ. ठोकळे मोजत तो वाकून चालला आणि एकोणिसाव्यापाशी थांबला. त्या ठोकळ्याचं डोकं बोडकं होतं. वर मूठ जाईल एवढी फट. तिथला भार शेजारच्या दोघांवर गेला होता. एकाची फळी चिरली होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती चीर बोटभर पुढे सरकली.

“मिस्त्री, येऊ का?” शिडीवरून जावयाने विचारलं. मागे बारा जण खरवडण्या घेऊन उभे होते.

मिस्त्रीचा हात खिशातल्या पाचरीवर गेला. ठोकली असती तर फट झाकली गेली असती. भार तिने घेतला नसता, पण कुणाला कळलंही नसतं. स्वतःच्याच हाताची त्याला भीती वाटली.

“कुणी उतरू नका,” तो ओरडला. “मास्तरांना सांगा, परत पाणी भरा. एकोणिसाव्याची फळी सुटलीय.”

तो वर आला तेव्हा जावयाने त्याला हात दिला. “सुटली तर वर आली असणार. कुणालाच कशी दिसली नाही?”

मिस्त्री वेटोळ्यापाशी गेला. मागून फळी काढून त्याने जावयासमोर ठेवली.

“मला दिसली होती.”

जावयाने तिच्या ताज्या कडेवरून अंगठा फिरवला. टोळीला त्याने मागे व्हायला सांगितलं. मग मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, “घरी तुमच्या लेकीला मी काही सांगणार नाही, मामा. तुम्हीच सांगा.”